कुंडीतील जुने मिश्रण भाजीच्या वाफ्यात वापरताना

टोमॅटो, मिरची किंवा वांग्याचा हंगाम संपला की कुंडीत माती, कोकोपीट आणि शेणखताचे जे मिश्रण उरते, ते फेकून देण्याचे काहीच कारण नाही. मात्र तेच खत समजून वाफ्यात पसरले, तर पदरी निराशा येते. त्यातील नत्र बहुतांशी पिकाने उचललेले किंवा रोजच्या पाण्याबरोबर झिरपून गेलेले असते, आणि शेणखत कुजून संपल्यामुळे मिश्रण खाली बसलेले असते. टिकून राहतो तो कोकोपीटचा तंतुमय भाग, कारण त्यात लिग्निन (लाकडाला कणखरपणा देणारा घटक) भरपूर असल्याने तो सावकाश कुजतो. म्हणून जुन्या मिश्रणाने जमिनीचा पोत सुधारावा आणि पिकाचे अन्न वेगळे द्यावे.

कुंडी रिकामी करताना सर्वांत आधी मुळे धुऊन पाहावीत. माझ्या मते सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे, आणि घाईत नेमकी तीच वगळली जाते. मुळे जागोजागी फुगून गाठाळलेली असतील, तर मिश्रणात सूत्रकृमी (मुळांत शिरणारे, डोळ्यांना न दिसणारे बारीक कृमी) आहेत असे समजावे. चवळी-घेवड्याच्या मुळांवरही गाठी असतात, पण त्या उपकारक असतात. त्या बोटाने सहज निखळतात आणि चांगल्या कार्यरत असतील तर आतून गुलाबी दिसतात, तर सूत्रकृमीची गाठ म्हणजे फुगलेले मूळच असल्याने ती सुटी होत नाही. हिरव्यागार झाडाने अचानक मान टाकली असेल, तर खोडाचा ताजा तुकडा स्वच्छ पाण्याच्या ग्लासात उभा धरावा. कापलेल्या टोकातून दुधाळ धागे उतरू लागले, तर तो जीवाणूजन्य मर रोग होय. असे मिश्रण भाजीसाठी मुळीच वापरू नये आणि जिथून पाणी वाफ्याकडे वाहून येईल अशा जागीही टाकू नये.

इतर मिश्रण, विशेषतः सूत्रकृमींचा संशय असलेले, एप्रिल-मेच्या उन्हात तापवून घ्यावे. फरशीवर 10 ते 15 सेंमी जाडीचा थर पसरून तो ओलसर करावा, त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा विटांनी दाबाव्यात आणि 4 ते 6 आठवडे तसेच ठेवावे. ओलाव्यामुळे उष्णता आतपर्यंत पोहोचते, म्हणून कोरडी माती झाकून फारसा उपयोग होत नाही. या उष्णतेत उपयुक्त सूक्ष्मजीवही घटतात. त्यामुळे नंतर चांगल्या कुजलेल्या शेणखतात ट्रायकोडर्मा ही उपयुक्त बुरशी मिसळून द्यावी. हुमणीच्या पांढऱ्या, वाकड्या अळ्या मात्र चाळतानाच वेचून काढाव्यात.

बोअरवेलचे जड पाणी घालत असाल, तर कुंडीच्या काठावर पांढरे पुट दिसते. ते क्षार असतात. कुंडी रिकामी करण्यापूर्वीच तिच्या आकारमानाच्या दुप्पट साधे पाणी सावकाश ओतून ते खालून निघून जाऊ द्यावे. पावसाचे साठवलेले पाणी मिळाल्यास उत्तमच.

वाफ्यात साधारण 5 सेंमीचा थर पसरून तो वरच्या 15 सेंमी मातीत नीट मिसळावा. काळ्या, चिकट जमिनीत त्यामुळे हवा खेळते, तर कोकणातील जांभ्या मातीत ओल जास्त काळ टिकते. त्यासोबत शेणखत किंवा गांडूळखत आणि प्रति चौरस मीटर सुमारे 100 ग्रॅम निंबोळी पेंड द्यावी. पुन्हा कुंडीच भरायची असल्यास जुन्या मिश्रणाच्या तीन भागांना गांडूळखताचा एक भाग पुरेसा होतो. कच्चा पालापाचोळा मात्र मिसळू नये, कारण तो कुजताना मातीतील नत्र तात्पुरते अडकून पडते.

टोमॅटो, वांगी, मिरची आणि बटाटा ही एकाच कुळातील पिके असल्याने एकाचे मिश्रण दुसऱ्याला देऊ नये; तिथे मेथी, पालक किंवा मुळा घ्यावा. लागवडीपूर्वी लहान वाडग्यात थोडी मेथी पेरून पाहावी: कोंब नीट उगवून हिरवे राहिले तर मिश्रण तयार आहे, आणि पानांच्या कडा करपल्या तर ते आणखी एकदा पाण्याने धुऊन काढावे.