फिजिक्स करून बायोफिजिक्सच्या लॅबमध्ये येताना

एमएस्सी फिजिक्सच्या मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: दहावीनंतर बायोलॉजी सुटलंय, चालेल का? चालतं. मीही तशीच आले. फक्त वेट लॅबमध्ये, म्हणजे रसायनं-प्रथिनं हाताळायच्या लॅबमध्ये, स्वतःच्या हाताने काम करायची तयारी हवी.

माझा विषय कायनेसिन. पेशीतल्या मायक्रोट्यूब्यूलवरून, म्हणजे प्रथिनांच्याच बारीक नळ्यांवरून, माल वाहून नेणारं हे प्रथिन. एक पाऊल 8 नॅनोमीटरचं आणि दर पावलाला एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च. ऑप्टिकल ट्वीझरच्या, म्हणजे प्रकाशाच्या चिमट्याच्या, लेसरमध्ये प्लास्टिकचा सूक्ष्म मणी धरून ठेवायचा, त्याला कायनेसिन चिकटवायचं आणि ते मणी किती जोराने ओढतं ते मोजायचं. साधारण 6 पिकोन्यूटन (न्यूटनच्या एक लाख कोटीव्या भागाला पिकोन्यूटन म्हणतात) बलाला ते अडतं. 6 गुणिले 8 म्हणजे 48 पिकोन्यूटन-नॅनोमीटर काम. पेशीत एका एटीपीतून मिळतात 80 ते 100. म्हणजे जवळपास निम्मी ऊर्जा कामी येते, तीही पाण्याच्या रेणूंचे धक्के सतत बसत असताना! हे गणित कागदावर मांडलं आणि मी या विषयाची झाले.

पण मणी एकाच रेणूने ओढला हे कशावरून? इथे फिजिक्सवाल्यांचं संख्याशास्त्र उपयोगी पडतं. प्रथिन इतकं विरळ करायचं की बहुतेक मणी हलूच नयेत. दहातले दोन-तीनच चालले, तर पॉयसाँ वितरणानुसार (विरळ, योगायोगाने घडणाऱ्या गोष्टी किती वेळा घडतील ते सांगणारं सूत्र) त्यांतल्या बहुतेकांवर एकेकच रेणू असतो. न हलणारे मणी बघून नवीन मुलं हिरमुसतात. सगळेच मणी पळायला लागले तर मात्र खरी काळजी करावी.

लेसर जुळवणं तुम्ही पटकन शिकाल. वेळ जातो तो प्रथिनात. ते बर्फात ठेवा, छोट्या छोट्या नळ्यांत वाटून लिक्विड नायट्रोजनमध्ये गोठवा, एकदा वितळलेलं पुन्हा गोठवू नका. स्लाइडच्या काचेला आधी केसीन, म्हणजे दुधातलंच प्रथिन, लावून घ्या, नाहीतर सगळं काचेलाच चिकटतं. बायोलॉजीच्या सहकाऱ्याशेजारी उभं राहून हे शिका, प्रोटोकॉल नुसता वाचून हात बसत नाही.

मुंबईचं टीआयएफआर, बेंगळुरूचं एनसीबीएस आणि रामन संशोधन संस्था, पुण्याचं आयसर या संशोधन संस्थांत बायोफिजिक्सच्या लॅब आहेत. पीएचडीच्या प्रवेशासाठी जेस्ट, गेट, नेट या परीक्षांपैकी कुठे काय चालतं ते त्या वर्षीच्या जाहिरातीत बघा. मुलाखतीला गेलात की तिथल्या पीएचडीच्या मुलांना एक नक्की विचारा: इथे प्रथिन कोण बनवतं? उत्तर 'बाहेरून येतं' असेल, तर ते संपल्यावर किती दिवस थांबावं लागतं, तेही विचारून घ्या.