बुडालेल्या पाणबुडीचा अभ्यास करायचा असेल तर आधी लोखंड शिका

सागरी पुरातत्त्वात यायचे असेल तर आधी स्कूबा शिकावे का, हा प्रश्न बेळगाव, खानापूर आणि निपाणीकडील पदवीचे विद्यार्थी मला वारंवार विचारतात. या प्रश्नामागे बहुधा अमेरिकेतील ‘एच. एल. हनली’ या पाणबुडीची चित्रफीत असते. तिच्यात क्रेनला टांगलेली, गंजाने माखलेली पाणबुडी समुद्रातून वर येताना दिसते. ती चित्रफीत 8 ऑगस्ट 2000 या एका दिवसाची आहे. पाणबुडीचा खरा अभ्यास त्यानंतर सुरू झाला, तो दोन दशके उलटल्यावरही संपलेला नव्हता, आणि त्यातील बहुतेक काम पाण्याखाली नव्हे तर प्रयोगशाळेत झाले. त्यामुळे मी विद्यार्थ्यांना पोहण्याआधी रसायनशास्त्राबद्दल विचारते.

मी स्वतः या विषयाकडे उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीच्या प्रयोगशाळेतून आले. धातुशास्त्राची पदविका घेऊन मी तेथे कास्टिंगचे नमुने घासून सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याचे काम करीत होते. नोकरी सांभाळून पदवी पूर्ण केली, पुण्यात पुरातत्त्वाचे पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि प्रबंधासाठी समुद्रातून काढलेल्या लोखंडाच्या जतनाचा विषय निवडला. हनली मी प्रकाशित अहवालांतूनच अभ्यासली आहे. तरीही नवख्या विद्यार्थ्याने एकच उदाहरण नीट वाचायचे ठरवले तर ते हेच असावे, असे माझे मत आहे.

हनली ही अमेरिकेच्या यादवी युद्धातील दक्षिणेकडील राज्यांची पाणबुडी. ती सुमारे 12 मीटर लांब होती. सात माणसे हाताने दांडा फिरवून तिचा पंखा चालवीत आणि आठवा, म्हणजे कप्तान, दिशा सांभाळीत असे. 1863 मध्ये ती दोनदा बुडाली आणि तेरा माणसे गेली. त्यांत तिला ज्याचे नाव मिळाले तो होरेस हनलीही होता. दोन्ही वेळा तिला वर काढून पुन्हा कामाला लावले गेले. 17 फेब्रुवारी 1864 च्या रात्री तिने चार्ल्सटनजवळ ‘हूसाटॉनिक’ ही युद्धनौका बुडवली. शत्रूची युद्धनौका बुडवणारी ती पहिली पाणबुडी ठरली, पण त्याच रात्री ती आठ माणसांसह नाहीशी झाली. तिच्या पराक्रमाचे गोडवे गाणारे लिखाण भरपूर आहे. हे वाचताना दक्षिणेकडील राज्ये गुलामगिरी टिकवण्यासाठी लढत होती, याचा विसर पडू देऊ नये.

तिचा सांगाडा 1995 मध्ये सापडला, तरी पुढची पाच वर्षे तो जागेवरच ठेवण्यात आला, कारण सव्वाशेहून अधिक वर्षे खाऱ्या पाण्यात राहिलेल्या पत्र्यांना आत भरलेल्या गाळाचा भार उचलताना पेलवेल याची खात्री नव्हती. पाणबुडीवर एक पोलादी सांगाडा उभारून त्याला जोडलेले पट्टे एकामागून एक तिच्या पोटाखालून घेण्यात आले, आणि प्रत्येक पट्ट्यावरील पिशवीत फुगून घट्ट होणारा फोम भरण्यात आला, जेणेकरून भार सगळीकडे सारखा वाटला जावा. तळाशी ती ज्या कोनात कलंडलेली होती, त्याच कोनात तिला उचलून प्रयोगशाळेतील थंड पाण्याच्या टाकीत ठेवले गेले. सरळ उभी केली गेली ती 2011 मध्ये. अकरा वर्षे एक वस्तू तिरकी ठेवण्याचा निर्णय ज्यांना विचित्र वाटतो, त्यांनी या क्षेत्रात यावे का, याचा पुन्हा विचार करावा.

आतले उत्खनन जमिनीवरील उत्खननाच्याच शिस्तीने झाले. काही पत्रे सोडवून गाळ थराथराने काढण्यात आला आणि प्रत्येक वस्तूची जागा मोजून नोंदवण्यात आली. आठही माणसांचे अवशेष साधारणपणे आपापल्या जागी मिळाले. सुटकेसाठी झाकणाकडे गर्दी झाल्याची चिन्हे नव्हती. कप्तान जॉर्ज डिक्सनजवळ वाकलेले सोन्याचे नाणे मिळाले. शायलोच्या लढाईत खिशातील नाण्याने त्याचे प्राण वाचवले ही कथा तोपर्यंत दंतकथाच मानावी अशी होती. मिळालेल्या नाण्यावर लढाईचे नाव, 6 एप्रिल 1862 ही तारीख आणि त्याची आद्याक्षरे कोरलेली आहेत.

मला मात्र नाण्यापेक्षा हाडांचा अभ्यास मोलाचा वाटतो. मका आणि गहू ही पिके कार्बन वेगवेगळ्या मार्गांनी बांधतात, त्यामुळे त्यांवर वाढलेल्या माणसाच्या हाडांत कार्बनच्या समस्थानिकांचे प्रमाण वेगळे राहते. त्यावरून आठांपैकी चौघे अमेरिकेत आणि चौघे युरोपात वाढलेले असावेत, असा निष्कर्ष निघाला. आपली ज्वारी मक्याच्याच गटातली आणि भात गव्हाच्या. खानापूरचा भाताचा पट्टा आणि पूर्वेकडील ज्वारीचा मुलूख एकाच जिल्ह्यात असलेल्या विद्यार्थ्याला ही पद्धत परकी वाटण्याचे कारण नाही.

आता लोखंडाकडे वळते. समुद्रात लोखंड गंजते तेव्हा क्लोराइड गंजाच्या थरांत खोलवर शिरते. वस्तू हवेत सुकली की हाच क्लोराइड गंजाची क्रिया नव्याने पेटवतो, पृष्ठभागावर ओलसर थेंब येतात आणि थर सुटू लागतात. ओतीव लोखंडाचे दुखणे आणखी फसवे असते. त्यातील लोह निघून जाते आणि ग्राफाइटचा मऊ साचा मूळ आकारात उभा राहतो, त्यामुळे वस्तू अखंड दिसते आणि नखाने ओरखडा उठतो. हनलीत घडीव लोखंडाचे पत्रे आणि ओतीव लोखंडाचे भाग दोन्ही आहेत, म्हणजे एकाच टाकीत दोन वेगळे रोगी आहेत. ग्राफाइटची पाने आणि गोळे सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येणारा उद्यमबागेतला मुलगा येथे इतिहासाच्या पदवीधरापेक्षा दोन पावले पुढे असतो, हे मी अनुभवाने सांगते.

या बाबतीत घाई केल्यास काय होते, ते ब्रिटिश नौदलाच्या पहिल्या पाणबुडीने, ‘हॉलंड 1’ ने दाखवले. 1913 मध्ये भंगारासाठी ओढून नेताना ती बुडाली, 1982 मध्ये वर काढली गेली आणि साफसफाई व गंजरोधक लेप देऊन गॉस्पोर्टच्या संग्रहालयात उघड्यावर मांडली गेली. क्लोराइड आतच राहिल्यामुळे ती पुन्हा गंजू लागली आणि 1990 च्या दशकात तिला सोडियम कार्बोनेटच्या द्रावणात काही वर्षे बुडवून ठेवावे लागले. हनलीच्या बाबतीत तिला पाण्याबाहेर मांडण्याआधीच 2014 मध्ये टाकी सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाने भरण्यात आली. वाळू, शिंपले आणि गंज यांचे कठीण कवच हाताच्या अवजारांनी काढायचे, द्रावण बदलायचे, त्यात किती क्लोराइड उतरला ते मोजायचे, असा तो क्रम आहे. ज्या पुराव्याने हनलीच्या बुडण्याची चर्चा बदलली, तोही कवच काढतानाच मिळाला: हल्ल्याचा सुरुंग पाणबुडीच्या पुढे बसवलेल्या लांब दांड्याच्या टोकाला असे, आणि त्या टोकाशी सुरुंगाच्या तांब्याच्या आवरणाचा तुकडा अजून जखडलेला होता. स्फोटाच्या वेळी पाणबुडी सहा-सात मीटरच्या आतच होती, हे त्यामुळे 2013 मध्ये स्पष्ट झाले. माणसे स्फोटाच्या दाबलहरीने गेली की हवा संपून, याविषयी मतभेद आहेत.

तयारी बेळगावातच सुरू करता येते. रसायनशास्त्राच्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत सिल्व्हर नायट्रेटने क्लोराइड मोजायला शिकवतात. कारवारच्या किनाऱ्यावर पडलेले गंजके खिळे आणून ते अल्कधर्मी द्रावणात ठेवावेत, दर आठवड्याला क्लोराइड मोजून आलेख काढावा. तो आलेख सपाट होण्याची वाट पाहता आली तर पुढचे शिक्षण सुसह्य होईल. सोडियम हायड्रॉक्साइड हाताळताना चष्मा, हातमोजे आणि शिक्षकांची देखरेख हवीच. मोजमापी रेखाटन आणि छायाचित्रांवरून त्रिमितीय प्रतिकृती तयार करणे हलशीच्या कदंबकालीन मंदिरांवर शिकता येते. तेथे छायाचित्रणाची परवानगी काय आहे ते आधी विचारावे.

पुढील शिक्षणासाठी पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि धारवाडचे कर्नाटक विद्यापीठ हे जवळचे मार्ग आहेत. सीमाभागातील 865 गावांच्या विद्यार्थ्यांना महाराष्ट्रात काही अभ्यासक्रमांत सवलत मिळते. आपला अभ्यासक्रम त्यांत येतो का, याची चौकशी अर्जाआधी करावी. गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत सागरी पुरातत्त्वाचे काम चालते, आणि चोर्ला घाटातून ते अंतर फार नाही. गंजशास्त्रासाठी तमिळनाडूतील कारैकुडीची केंद्रीय विद्युत-रासायनिक संशोधन संस्था आणि वस्तुजतनासाठी लखनौची राष्ट्रीय प्रयोगशाळा ही नावे लक्षात ठेवावीत. डुबकी मारायचीच असेल तर मुर्डेश्वरजवळच्या नेत्राणी बेटावर सोय आहे. ती हौस म्हणून करावी.

नोकऱ्या थोड्या आहेत. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा पाण्याखालील विभाग लहान आहे, आणि 1971 च्या युद्धात विशाखापट्टणमजवळ बुडालेली ‘गाझी’ ही पाकिस्तानी पाणबुडी कोणी वर काढील या आशेवर तर शिक्षण घेऊच नये. तिच्यात माणसे गेली आहेत आणि अशा जागा समाधी म्हणूनच मानल्या जातात. 2001 च्या युनेस्को करारानेही पाण्याखालील वारसा जागेवरच जपण्याचा पर्याय आधी विचारात घ्यावा असे म्हटले आहे. पगार बहुधा संग्रहालयातील तोफा, तलवारी आणि नांगर यांच्या जतनातून मिळतो, तोही सुरुवातीला कंत्राटी पद्धतीने. मुलाखतीला जाताना खिळ्यांच्या प्रयोगाची वही मात्र तारखांसह सोबत ठेवावी. निवड करणाऱ्यांच्या बाजूला बसण्याची वेळ माझ्यावर आता येते, आणि प्रमाणपत्रांच्या फायलीआधी मी ती वही उघडते.