४२९४९६७२९७ : अवयव पाडायला बसण्याआधी

संख्या सिद्धांत शिकायला घेतला की ही बया आडवी येतेच. २ चा ३२ वा घात अधिक १, म्हणजे फर्मा संख्यांपैकी एक (२ चा घात अधिक १, आणि तो घातांकही १, २, ४, ८ असा २ चाच घात). तिच्या आधीच्या ३, ५, १७, २५७, ६५५३७ या पाचही मूळ, म्हणून हीसुद्धा मूळच असणार असं फर्माला वाटलं. १७३२ मध्ये ऑयलरने ६४१ ने भाग लावून दाखवला. एवढं तुम्हाला माहीत असेलच.

खड्डा कुठे आहे ते मात्र नीट बघा, मीही त्यात पडलोय. संख्या मूळ आहे का हे तपासताना सवयीने पाया २ घेतला जातो. २ चा ४२९४९६७२९६ वा घात काढायचा, संख्येने भागायचं, बाकी १ आली की खूश, कारण विषम मूळ संख्येला ती १ च येते. इथे बाकी १ येते. येणारच! २ च्या ३२ व्या घाताची बाकी −१ आहे, हे संख्येच्या व्याख्येतच आहे. त्याचा वर्ग १, आणि पुढे कितीही वर्ग करा, १ च. आपला घातांक तर ६४ च्या पटीतला. म्हणजे चाचणीने काहीच तपासलं नाही, संख्येने आपली ओळख स्वतःच सांगितली आणि आपण मान डोलावली. मिलर-राबिन ही मूळपणाची आणखी कडक चाचणीसुद्धा पाया २ वर हिला सोडून देते. पाया ३ घ्या, बाकी ३०२९०२६१६० येते. विषय संपला, ही मूळ नाही.

प्रोग्राम लिहिणार असाल तर आणखी एक. ३२ बिटांत ही मावत नाही, नुसता १ उरतो. ६४ बिटांतही बाक्यांचे वर्ग करताना ४२९४९६७२९६ चा वर्ग नेमका २ चा ६४ वा घात होतो आणि हातात शून्य पडतं. पायथॉनमध्ये ही कटकट नाही.

'तयार फंक्शन वापर, उत्तर मिळेल' म्हणणारे मार्गदर्शक मला पटत नाहीत. उत्तर मिळतं, डोक्यात काही राहत नाही.

घाबरू नका, हे कागदावर होतं. हिचा प्रत्येक मूळ विभाजक १२८ च्या पटीहून १ ने मोठा असतो. १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. यातल्या मूळ फक्त २५७ आणि ६४१. २५७ स्वतः फर्मा संख्या, आणि दोन वेगळ्या फर्मा संख्यांना १ सोडून सामाईक विभाजक नसतो, म्हणून बाद. उरला ६४१. भाग लावा, ६७००४१७ येतात.

बरेच जण इथेच वही मिटतात. ६७००४१७ मूळ आहे हे कोण दाखवणार? तिचे मूळ विभाजक मोठ्या संख्येचेही विभाजक, म्हणून तेही त्याच साच्यातले हवेत, आणि वर्गमूळ २५८८ च्या जरा पुढे. तिथपर्यंत २५७ सोडला तर ६४१, ७६९, ११५३ आणि १४०९ एवढेच उमेदवार. ६४१ ने भागल्यावर बाकी ४४ उरते. राहिलेले तीन भागाकार तुम्ही करा, कॅल्क्युलेटर न घेता.