कमांडर कीन खेळताना या चुका टाळा : मारिओची सवय, पोगो आणि उलटी झालेली स्क्रीन

मारिओ खेळून हात बसलेला माणूस पहिल्यांदा 'कमांडर कीन' हा पीसीवरचा जुना गेम उघडतो. समोरून एक हिरवा, एका डोळ्याचा प्राणी डुलत डुलत येतो. सवयीने उडी मारून त्याच्या डोक्यावर आदळायचं, की विषय संपला. पण प्राणी मरत नाही. जरा वेळ भोवंडून जागच्या जागी उभा राहतो आणि पुन्हा चालू लागतो. पुढे दुसरा एक हिरवा प्राणी भेटतो. त्याच्यावरही तीच उडी, आणि या वेळी मरतो तो आपला हिरो.

या गेममधल्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. दोष पूर्णपणे खेळणाऱ्याचा नाही, कारण कीनचा जन्मच मारिओच्या नकलेतून झाला. सप्टेंबर १९९०मध्ये प्रोग्रॅमर जॉन कारमॅक आणि गेम रचणारा टॉम हॉल यांनी 'सुपर मारिओ ब्रदर्स ३'ची पहिली लेव्हल एका रात्रीत पीसीवर उभी केली. त्या काळच्या पीसीवर चित्र इतकं सलग बाजूला सरकवणं जमत नसे. कारमॅकने युक्ती काढली, की पूर्ण स्क्रीन पुन्हा रंगवायची नाही, बदललेले तुकडे तेवढेच रंगवायचे. निन्टेन्डोला ती नक्कल दाखवली, पण त्यांना आपला मारिओ पीसीवर नको होता. मग त्याच तंत्रावर नवा गेम बेतला गेला आणि १४ डिसेंबर १९९० रोजी ॲपोजी या प्रकाशक कंपनीने तो बाजारात आणला. तीन भागांपैकी पहिला, म्हणजे मंगळावरचा, फुकट वाटायचा आणि पुढचे दोन विकायचे, असा तो व्यवहार होता. बनवणाऱ्या चमूने पुढच्या फेब्रुवारीत आयडी सॉफ्टवेअर ही कंपनी काढली. थोडक्यात, कीन दिसतो मारिओच्या घरातला, पण वागतो वेगळा.

उडीची घाई

मारिओत बटण दाबलं की उडी. कीनमध्ये बटण दाबल्यावर आपला हिरो, कीन नावाचं पोरगं, आधी किंचित खाली बसतं, अंग आवळतं आणि मग उडतं. हा मधला क्षण अगदी छोटा आहे, पण जीव जातो तो त्यातच. उडीची उंचीही तिथेच ठरते : बसलेलं असताना बटण जितका वेळ दाबून धराल तितकी उडी उंच. पाय जमिनीवरून सुटल्यावर बटण कितीही आवळलंत तरी उंची वाढत नाही. त्यामुळे 'मी तर पूर्ण दाबलं होतं, तरी उडी बुटकीच आली' ही तक्रार असेल, तर बटण हलक्या हाताने टिचकी मारल्यासारखं दाबलं गेलेलं असतं.

उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. पहिल्या गावात सपाट जागा बघा आणि पाच मिनिटं नुसत्या उड्या मारा. एक छोटी, एक मधली, एक पूर्ण. शत्रू अंगावर येऊ लागला की नव्हे, तर तो यायच्या अर्धा श्वास आधी बटण दाबायची सवय लागली पाहिजे. इथे घड्याळ चालत नाही. मारिओसारखा वरच्या कोपऱ्यात वेळ संपत नसतो, तेव्हा कडेवर थांबून विचार करायला पूर्ण मुभा आहे. तरीही लोक धावतात.

हिरवं म्हणजे सगळं सारखं नाही

एकडोळ्या प्राण्याचं नाव यॉर्प. तो मारत नाही, ढकलतो. सपाटीवर त्याचा त्रास शून्य, पण खड्ड्याच्या काठावर तोच यमदूत. त्याच्या डोक्यावर उडी मारली की तो थोडा वेळ गार पडतो, तेवढ्यात पुढे निघायचं. त्याच्यावर गोळी खर्च करणं ही नवख्यांची अगदी ठरलेली चूक. शिवाय मेलेला यॉर्प तिथेच पडून राहतो, नाहीसा होत नाही. टॉम हॉलने हे मुद्दाम केलं होतं. मारण्याचे परिणाम पुसले जात नाहीत, हे मुलांना दिसावं असं त्याचं म्हणणं होतं. मला तरी ते मेलेले यॉर्प बघून दर वेळी थोडं चुकल्यासारखं वाटतं.

गार्ग हा दुसरा हिरवा. त्याचा स्पर्श म्हणजे मरण, कारण कीनला आरोग्याची पट्टी वगैरे नाही, एका धक्क्यात खेळ खलास. तुम्ही दिसलात की तो सरळ धाव घेतो. त्याला एक गोळी पुरते, आणि गोळ्या राखून ठेवायच्या त्या यासाठीच. निळे, कुत्र्यासारखे व्होर्टिकॉन चार गोळ्या खातात. बंदूक उचलली की मिळतात पाच. हिशोब तुम्हीच करा. व्होर्टिकॉन उंच उड्या मारतो, तेव्हा त्याला एखादी उडी मारू द्यायची आणि तो वर असताना खालून सटकायचं. रणगाड्यासारखे यंत्रमानव तर गोळीने मरतच नाहीत, तिथे नेम धरून बसणं म्हणजे निव्वळ उधळपट्टी. आणखी एक : या पहिल्या भागात कीनला फक्त आडवी गोळी मारता येते. वर-खाली नेम धरण्याची सोय चौथ्या भागापासून आली. चौथा भाग आधी खेळलेले लोक इथे हमखास गोंधळतात.

गोळी मारली आणि स्क्रीन उलटी झाली

मूळ मांडणीत कंट्रोल म्हणजे उडी, ऑल्ट म्हणजे पोगो (उड्या मारायची काठी), आणि दोन्ही एकदम दाबले की गोळी. त्या काळी यात काही वावगं नव्हतं. आजच्या संगणकावर मात्र कंट्रोल, ऑल्ट आणि बाण ही तीन बटणं एकत्र दाबण्याला दुसरेच अर्थ आहेत. काही जुन्या ग्राफिक्स ड्रायव्हरांमध्ये त्या जोडीने पूर्ण स्क्रीन फिरते. माझी फिरली होती. गार्ग समोर, मी चालत चालत गोळी मारली, आणि मंगळ ग्रह डाव्या कुशीवर आडवा झाला. पुढची दहा मिनिटं मान वाकडी करून सेटिंग शोधण्यात गेली. लिनक्सच्या काही डेस्कटॉपांवर याच बटणांनी थेट दुसऱ्या वर्कस्पेसवर जायला होतं, आणि लोकांना वाटतं गेम बंद पडला.

दोन वाटा आहेत. गेममध्येच एफ३ दाबून बटणं बदलता येतात, ही सोपी. किंवा डॉसबॉक्समध्ये, म्हणजे जुने डॉस गेम आजच्या संगणकावर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, कंट्रोल आणि एफ१ एकत्र दाबून बटणांचा नकाशा उघडा आणि उडी-पोगोसाठी शेजारची दोन साधी अक्षरं ठरवा. मी झेड आणि एक्स वापरतो. स्क्रीन फिरवणारा शॉर्टकट ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये बंद केला तरी चालतं.

बटणं बदलूनही कधी कधी बाण दाबलेला असताना गोळी सुटत नाही. अशा वेळी गेमला दोष देऊ नका. स्वस्त कीबोर्डांना ठरावीक तीन बटणं एकाच वेळी ओळखता येत नाहीत. कोणती तीन, ते कीबोर्डगणिक बदलतं, म्हणून जोडी बदलून बघा.

पोगो

उड्या मारायची ही काठी नकाशावरच्या एका छोट्या देवळात मिळते. ते देऊळ ओलांडून पुढे जाणं म्हणजे एक हात बांधून खेळणं. पहिल्यांदा काठी मिळाली की सगळे ती सगळीकडे वापरतात, आणि मग काट्यांवर जाऊन पडतात. पोगोवर कीन लगेच थांबत नाही. दिशा बदलायची तर उलटा बाण आधीच दाबावा लागतो. नुसत्या पोगोवर तो जेमतेम उसळत राहतो. उंच जायचं असेल तर जमिनीला टेकताना उडीचं बटण दाबलेलं हवं. ही गोष्ट न कळल्यामुळे कित्येक जण एकाच भिंतीखाली तासभर उसळत बसतात.

उंच ठिकाणी चढायला पोगो, अरुंद जागेत पाय. बर्फावरही मी उतरूनच जातो, पण ते माझ्या हाताच्या बेताने.

गेम जतन होत नाही

इथे तीन वेगळ्या गोष्टी एकमेकांत मिसळतात.

पहिली म्हणजे लेव्हलच्या आत असताना खेळ जतन करता येत नाही. बाहेर मोठ्या नकाशावर यायचं, तिथे एफ५ दाबायचं आणि १ ते ९ पैकी एक आकडा द्यायचा. नकाशावर परत आलात की दर वेळी हे करा. दुसरी, डॉसबॉक्सची स्वतःची बटणं. कंट्रोल दाबलेला असताना एफ५ दाबलंत तर स्क्रीनचा फोटो निघतो, खेळ जतन होत नाही. कंट्रोल आणि एफ९ तर डॉसबॉक्सच बंद करतं, न विचारता. तिसरी फोल्डरची. जतन केलेल्या फाइल गेमच्याच फोल्डरमध्ये पडतात. ते फोल्डर झिपच्या आत असेल किंवा तिथे लिहायची परवानगी नसेल, तर फाइल टिकणार कुठे? झिप उघडून गेम आपल्या साध्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तेच फोल्डर डॉसबॉक्सला जोडा.

पूर्ण झालेली लेव्हल मात्र या भागात पुन्हा उघडत नाही. आत राहिलेल्या बंदुका आणि गुण तिथेच राहिले. गुणांना किंमत आहे : २०,००० गुणांवर एक जीव वाढतो, मग ४०,०००वर, मग ८०,०००वर, असा दर वेळी दुप्पट पल्ला. म्हणून सुरुवातीचे सोपे टेडी बेअर सोडायचे नसतात, एकेकाचे ५,००० मिळतात.

सुरूच होत नाही, आवाज नाही, चित्र चपटं

चौसष्ट बिटांच्या विंडोजवर जुनी सोळा बिटांची फाइल दोनदा टिचकी मारून चालणार नाही, कितीही वेळा प्रयत्न केला तरी. डॉसबॉक्स लागतोच. खेळ अडखळत असेल तर कंट्रोल आणि एफ१२ने सायकल, म्हणजे डॉसबॉक्सचा वेग, थोड्या थोड्या वाढवा, जास्त झाल्या तर कंट्रोल आणि एफ११ने कमी करा. चित्र चपटं दिसत असेल तर डॉसबॉक्सच्या सेटिंगच्या फाइलमध्ये 'ॲस्पेक्ट' समोर 'ट्रू' लिहा. मूळ चित्र ३२० बाय २०० ठिपक्यांचं, पण ते चारास तीनच्या पडद्यावर ताणून दाखवायचं होतं. संगीत ऐकू येत नाही म्हणून साउंड कार्डाची सेटिंग उपसत बसू नका. पहिल्या तीन भागांत संगीत नाहीच. पीसीच्या स्पीकरचे चिवचिव आवाज तेवढे आहेत.

किल्ला

शेवटच्या किल्ल्यात व्होर्टिकॉनांचा सरदार असतो आणि लोक त्याच्यावर उरलीसुरली सगळी बंदूक रिकामी करतात. त्याला शंभराहून जास्त गोळ्या लागतात. मी पहिल्यांदा पोहोचलो तेव्हा माझ्याकडे अकरा होत्या. त्या झाडल्या, आणि उरलेला वेळ कोपऱ्यात उभं राहून त्याच्याकडे बघत काढला. मग नजर वर गेली. त्याच्या डोक्यावर एक भलामोठा दगड साखळीने टांगलेला होता. साखळीवर गोळी मारायची.