खासगी संघाची रेसकार शर्यतीच्या शनिवार-रविवारासाठी कशी तयार करावी

या लेखात मी असे गृहीत धरले आहे की तुमच्याकडे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाचा स्पर्धा परवाना आहे, गाडीला रोल केज, म्हणजे गाडी उलटली तरी चालकाला वाचवणारा आतला लोखंडी पिंजरा, बसवलेला आहे, इंजिन व्यवस्थित चालते आहे आणि पुण्यातल्या किंवा कोल्हापुरातल्या एखाद्या गॅरेजमध्ये तीन-चार मित्रांनी मिळून उभी केलेली ही गाडी आता चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला, मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबच्या ३.७१७ किलोमीटरच्या ट्रॅकवर न्यायची आहे. उदाहरणासाठी मी मारुती एस्टीम घेतो. १,२९८ सीसीची, पुढच्या चाकांनी ओढणारी, पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असलेली ही गाडी आपल्याकडच्या टूरिंग कार शर्यतींत वर्षानुवर्षे धावली आहे, आणि तिच्यावर जे शिकता येते ते बहुतेक सगळ्या छोट्या गाड्यांना लागू पडते.

शर्यतीला तीन आठवडे उरले की इंजिनाला हात लावणे थांबवा. या काळात तुम्हाला ताकद वाढवण्याचे सल्ले सर्वांत जास्त मिळतील आणि ते सगळे बाजूला ठेवायचे आहेत. ऐनवेळी बदललेला कोणताही भाग तपासायला ट्रॅकवर वेळ नसतो, आणि खासगी संघाला सरावासाठी मिळणारी मोजकी मिनिटे बिघाड शोधण्यात घालवणे परवडत नाही. उरलेला वेळ मी जवळजवळ सगळा ब्रेकला देतो. त्याचे कारण पुढे सविस्तर येईल. त्याआधी किरकोळ गोष्टी उरकून घेऊ.

सीटबेल्टवर छापलेले मुदतीचे वर्ष, हेल्मेट व सूटवरची प्रमाणपत्राची पट्टी आणि अग्निशामकाची तपासणीची तारीख आजच पाहा. टो-हुक दिसेल अशा रंगात रंगवा, बॉनेटच्या पिना बसवा. मुख्य कट-ऑफ स्विच इंजिन चालू असताना दाबून बघा, कारण साधा दोन टोकांचा स्विच बॅटरी तोडतो, पण अल्टरनेटरच्या जोरावर इंजिन चालूच राहते आणि स्क्रूटिनीत, म्हणजे शर्यतीआधीच्या तांत्रिक तपासणीत, गाडी अडते. रेडिएटरचे पाइप, बेल्ट, ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट आणि बॉल जॉइंट नेहमीप्रमाणे पाहावेत.

आता ब्रेक. या टप्प्याने सुरुवातीचे काही हंगाम मला फार छळले, आणि ज्याला विचारावे तो एकच सल्ला देत असे: पुन्हा एकदा एअर काढा, म्हणजे ब्रेकच्या ऑइलात अडकलेली हवा बाहेर काढा. ब्रेक खाली लागण्याची किमान चार वेगवेगळी कारणे असतात आणि एअर काढल्याने त्यांतले फक्त एक दूर होते. त्यामुळे निपलला, म्हणजे प्रत्येक चाकाच्या ब्रेकवरच्या हवा सोडायच्या स्क्रूला, पाना लावण्याआधी दोष कुठे आहे ते शोधा.

गाडी सपाट जागी उभी करून इंजिन चालू ठेवा, पेडल एकदा दाबा आणि ते कुठे लागते ते लक्षात ठेवा. मग हँडब्रेक पूर्ण ओढून पुन्हा दाबा. पेडल स्पष्टपणे वर लागले, तर दोष मागच्या ड्रममध्ये आहे. शूज, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे भाग, झिजून ड्रमपासून लांब गेलेले असतात आणि मास्टर सिलिंडरने, म्हणजे पेडलला जोडलेल्या मुख्य पंपाने, ढकललेले बरेचसे ऑइल त्यांना ड्रमपर्यंत पोहोचवण्यातच संपते. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत शूज आपोआप जुळवणारी यंत्रणा गंजून अडकलेली असते, म्हणून ड्रम उघडा, ती साफ करा आणि हाताने चाक फिरवताना शूज अगदी हलके घासल्याचा आवाज येईल इतके अंतर ठेवा. ज्या गाडीच्या चारही चाकांची एअर वारंवार काढूनही पेडल वर येत नाही, त्या गाडीत मी सर्वांत आधी इथेच पाहतो.

पेडल कडक लागते, पण पाय तसाच दाबून धरला की हळूहळू खाली सरकत जाते, असे होत असेल आणि बाहेर कुठेही गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतली रबरे गेली आहेत. अशा वेळी केवळ रबरांचा किट टाकून काम भागवू नका. आतल्या भिंतीवर गंजाचे खड्डे असतील, तर नवी रबरेही फार काळ टिकत नाहीत. पूर्ण सिलिंडरच बदला.

तिसरे कारण गॅरेजमध्ये दिसतच नाही, म्हणून ते सर्वांत धोक्याचे आहे. जागेवर पेडल उत्तम असते, पण ट्रॅकवर एखाद्या वेगवान वळणातून बाहेर पडून पुढच्या वळणासाठी ब्रेक दाबला की पहिल्या दाबाला ते खोल जाते आणि दुसऱ्या दाबाला जागेवर येते. इथे पुढच्या चाकाचे बेअरिंग ढिले असते. वळणातल्या भाराने हब, म्हणजे चाक ज्यावर बसते तो भाग, आणि त्याबरोबर डिस्क किंचित तिरकी होते, ती तिला दोन्ही बाजूंनी चिमटणाऱ्या पॅडना मागे ढकलते, आणि पुढच्या दाबाचे अर्धे अंतर पॅड परत डिस्कपर्यंत आणण्यात जाते. हे तपासायला गाडी जॅकवर घ्या, खाली स्टँड लावा, चाक वरून आणि खालून धरून हलवा. खेळ जाणवला, तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. आता खेळ नाहीसा झाला, तर बेअरिंग गेले आहे. तसाच राहिला, तर बॉल जॉइंट पाहा. रस्त्यावर चालून जाईल इतका खेळही शर्यतीत चालत नाही, या मतावर मी ठाम आहे.

पेडल स्पंजासारखे लागत असेल आणि दोन-तीनदा झपझप दाबल्यावर वर येत असेल, तरच एअर काढायला घ्या. ब्रेक ऑइल मात्र दोष असो वा नसो, शर्यतीपूर्वी संपूर्ण बदलायचेच आहे. साधे ग्लायकॉलवर आधारलेले ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते. डॉट ४ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. त्याच ऑइलात ३.७ टक्के पाणी मिसळले की हा किमान आकडा १५५ अंशांवर येतो. जून ते सप्टेंबर आपल्याकडे जी हवा असते तिच्यात उभ्या राहिलेल्या गाडीचे ऑइल कोणत्या दिशेने सरकते हे यावरून कळेल. कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागात, ते उकळले की वाफेचे बुडबुडे होतात, वाफ दाबली जाते, आणि पाय जमिनीला टेकला तरी गाडी थांबत नाही. वर्षातून एकदा ऑइल बदलले की पुरे, हा सल्ला रस्त्यावरच्या गाडीसाठी ठीक आहे, शर्यतीच्या गाडीसाठी तो धोकादायक आहे. ताज्या अवस्थेत ३०० अंशांच्या वर उकळणारे शर्यतीचे ऑइल घ्या, लहान सीलबंद डब्यांत घ्या, आणि एकदा उघडलेला डबा पुढच्या शर्यतीसाठी ठेवू नका. डॉट ५ म्हणून मिळणारे सिलिकॉनचे ऑइल या गाडीत कधीही टाकू नये, डॉट ५.१ ही त्याहून वेगळी, ग्लायकॉलचीच जात आहे.

एअर काढताना क्रम महत्त्वाचा आहे. पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या अशा गाड्यांत ब्रेकच्या दोन लाइन तिरप्या जोडलेल्या असतात: मागचे डावे चाक पुढच्या उजव्याबरोबर, मागचे उजवे पुढच्या डाव्याबरोबर. आपल्या गाडीत मास्टर सिलिंडर उजवीकडे असतो, म्हणून सर्वांत लांबच्या मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करा, त्याच लाइनवरचे पुढचे उजवे घ्या, मग मागचे उजवे आणि शेवटी पुढचे डावे. आधी दोन्ही मागची आणि मग दोन्ही पुढची चाके घेण्याची पद्धत जिथे मागच्या चाकांची एक लाइन आणि पुढच्यांची दुसरी असते त्या गाड्यांची आहे.

निपलला पारदर्शक नळी लावा आणि तिचे दुसरे टोक थोड्या ताज्या ऑइलात बुडवून ठेवा. पेडलवरचा माणूस आणि चाकाजवळचा माणूस यांच्यात तीनच शब्द असावेत: ‘दाब’, ‘धर’, ‘सोड’. निपल बंद झाल्याचे चाकाजवळच्याने सांगितल्याखेरीज पेडल सोडायचे नाही. इथे अंदाज चालत नाही. पेडलखाली लाकडाचा एक ठोकळा ठेवा, म्हणजे ते शेवटपर्यंत जाणार नाही. जुन्या मास्टर सिलिंडरच्या टोकाच्या भागात रबर एरवी कधी पोहोचत नाही, तिथे गंज साचलेला असतो, आणि एअर काढताना पेडल तळापर्यंत दाबले की चांगली रबरेही त्याच दिवशी फाटतात. टाकीतली पातळी दर चार-पाच दाबांनी पाहा. ती रिकामी होऊन आत हवा गेली, तर सगळे पहिल्यापासून करावे लागते. रंगावर सांडलेले ऑइल लगेच पाण्याने धुवा.

पॅड नवे असले, तरी ते शर्यतीला तयार नसतात. पहिल्यांदा जोरात तापताना त्यांतला चिकट पदार्थ वायूरूपाने बाहेर पडतो, त्या वायूचा थर पॅड आणि डिस्क यांच्यात येतो, आणि पेडल दगडासारखे कडक असूनही गाडी थांबत नाही. म्हणून शुक्रवारच्या पहिल्या सरावात वेळेचा विचार न करता पॅड बसवण्याचेच काम करा: एक सावकाश लॅप, मग तीन-चार लॅप सरळ रस्त्यांच्या शेवटी दर वेळी आधीपेक्षा थोडा अधिक जोराने ब्रेक, आणि शेवटचा लॅप जवळजवळ ब्रेक न लावता. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या संघांच्या जागेत, आल्यावर पेडलवरून पाय काढा आणि हँडब्रेक ओढू नका. चाकांना लाकडी ठोकळे लावा. तापलेल्या डिस्कवर पॅड दाबून ठेवला, तर त्या एका जागी डाग पडतो आणि नंतर पेडल थरथरत राहते. याच दिवशी पॅडचा दुसरा जोडही असाच बसवून घ्या, त्यावर डावे-उजवे लिहा आणि बाजूला ठेवा. रविवारी पॅड बदलण्याची वेळ आली, तर न बसवलेला जोड घेऊन शर्यतीत उतरणे मला मान्य नाही. हे काम आधीच महामार्गावर उरकून घ्या, असेही काही जण सुचवतात. ते सार्वजनिक रस्त्यावर करायचे काम नव्हे.

सराव संपल्यावर चालकाला एवढेच विचारा: पेडल मऊ होत गेले का, की कडक राहून पकड कमी झाली? मऊ झाले असेल, तर ऑइल उकळले आहे आणि संध्याकाळी निदान पुढच्या दोन्ही चाकांचे ऑइल पुन्हा काढायला हवे. कडक राहिले असेल, तर पॅड त्यांच्या मर्यादेपलीकडे तापले आहेत. नियमांत बसत असेल, तर बंपरमधून डिस्कच्या मध्यापर्यंत हवेची नळी आणा. कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर लॅप लहान असल्याने डिस्कला थंड व्हायला वेळ कमी मिळतो, हेही ध्यानात ठेवावे.

प्रवास सोपा आहे, कारण पुण्याला वळसा घालून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ च बेंगळुरूवरून थेट इरुंगट्टुकोट्टईपर्यंत जातो. पुण्याहून अंतर १,१०० किलोमीटरहून अधिक आहे, म्हणून बुधवारी निघा. गाडीवर नंबरप्लेट नसेल, तर मालकीचे आणि शर्यतीतल्या प्रवेशाचे कागद ट्रकच्या केबिनमध्ये हाताशी असू द्या.

सुट्या भागांत एक गोष्ट विसरू नका: बेअरिंग दाबून बसवलेला पुढचा पूर्ण हब. नुसते बेअरिंग नेऊन उपयोग नाही, कारण ते बसवायला प्रेस लागतो आणि तो पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकमागच्या गाड्या दुरुस्त करायच्या आवारात, तुमच्याजवळ नसणार.

संघात चालकाखेरीज चार माणसे पुरतात, आणि प्रत्येकाकडे एकच काम हवे. एक ब्रेक पाहील, दुसरा टायर आणि चाकांचे नट, तिसरा पेट्रोल आणि पाणी, चौथा घड्याळ, वेळापत्रक व कागद. नट आवळणाऱ्यानेच टॉर्क रेंच लावून रंगाची खूण करावी. दुसऱ्याने केलेल्या कामावर खूण करू नये. दोन सेशनमध्ये चालकाने पाना हातात घेऊ नये. चेन्नईच्या उकाड्यात अग्निरोधक सूट घालून बसणाऱ्या माणसाने सावलीत बसून पाणी प्यावे, दहीभात खावा आणि ब्रीफिंगला वेळेवर जावे. ज्यांना काम नाही अशा मित्रांना प्रेक्षकांत बसवा.

टायरच्या हवेबद्दल फार ऐकून घेऊ नका. ट्रॅकवरून आत येताच चारही चाकांची हवा मोजा, जो आकडा गरम टायरला हवा आहे तो ठरवा आणि त्यावरून थंड टायरचा आकडा मागे जाऊन काढा. टायरच्या आतले तापमान १० अंशांनी वाढले की हवा साधारण दीड पौंडाने वाढते. ऑक्टोबरनंतर जात असाल, तर पावसाचे टायर आणि चांगले वायपर न्याच. आपला पावसाळा संपतो तेव्हा त्या किनाऱ्यावरचा सुरू होतो.

शनिवारी आणि रविवारी प्रत्येक सेशननंतर नट, गळती आणि पॅडची जाडी पाहा. याहून अधिक काही करू नका. शर्यत संपल्यावर गाडी पार्क फर्मेमध्ये, म्हणजे अधिकाऱ्यांच्या ताब्यातल्या बंद जागेत, असेपर्यंत तिला कुणीही हात लावायचा नाही, आनंदाच्या भरात बॉनेटसुद्धा उघडायचे नाही. गाडी ताब्यात आली की ट्रकवर चढवण्याआधी चारही पॅडची आणि दोन्ही डिस्कची जाडी मोजून वहीत लिहा, डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीशी ती ताडून पाहा आणि पुढच्या शर्यतीसाठी काय मागवायचे ते तिथेच ठरवा.