इरईचं पाणी तपासायचं तर

चंद्रपूरच्या खाली, इरई नदीच्या काठी आमची वांग्याची वाडी आहे. समोर खाणीतून उपसलेल्या मातीचे डोंगर. पहिल्या पावसाला ती माती सरळ नदीत उतरते, म्हणून पाणी नेमकं तेव्हाच घ्या. पुन्हा एकदा मे महिन्यात, धार बारीक असताना.

बाटल्या दोन. एक खाणीचा नाला मिळतो त्याच्या वरची, दुसरी खालची. त्याच पाण्यानं तीनदा विसळा, तोंड धारेकडे करून वीतभर खोल बुडवा, काठोकाठ भरा. जागा, तारीख, वेळ तिथंच लिहा. मी एकदा घरी जाऊन लिहू म्हटलं, नि कोणती बाटली कुठली तेच कळेना. सगळी पायपीट वाया गेली.

रात्रभर हलवू नका. आमच्या खालच्या बाटलीत सकाळी पेरभर काळपट गाळ बसला होता, वर पाणी नितळ. त्या नितळपणावर विसंबू नका! खडकातल्या गंधकाला हवा-पाणी लागलं की सल्फेट होतं, ते विरघळलेलं असतं, फडक्यानं गाळून निघत नाही.

प्रयोगशाळेत सामू (पाणी किती आम्ल ते, म्हणजे pH), सल्फेट, लोह, कठीणपणा तपासायला सांगा. पिण्याच्या पाण्यात सल्फेट लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर ४००. दोन्ही बाटल्यांचे आकडे शेजारीशेजारी मांडून ग्रामसभेत वाचा.