पेंग्विन बघायला जाताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

अंटार्क्टिकाहून बेळगावला आलो तर मित्राचा पहिला प्रश्न, "पांढरं अस्वल बघितलास काय गा?" अस्वल उत्तरेला असतंय, पेंग्विन दक्षिणेला, दोघांची जन्मात गाठ नाही. एवढं बुकिंगच्या आधी समजून घ्या, बाकीचं आमच्या फजितीवरून शिका.

सगळ्यात मोठी चूक घरातच झाली. राजहंसगडावर जाताना घालतो तीच पॅन्ट आणि तीच सॅक मी उचलली, आणि दिवाळीनंतर तिथल्या गवतातून चाललेल्या माणसाला कुसळं म्हणजे काय ते सांगायला नको. पहिल्यांदा किनाऱ्यावर उतरायच्या आधी बोटीवर सगळ्यांचे कपडे तपासतात, माझ्या वेल्क्रोत, पॅन्टच्या दुमडीत, सॅकच्या तळाशी इतकी कुसळं निघाली की चिमटा आणि व्हॅक्यूम घेऊन मला तासभर बसवलं, बायको शेजारी उभी राहून हसत होती. खरं हे नाटक नाही. अंटार्क्टिकाजवळच्या किंग जॉर्ज बेटावर माणसांबरोबर गेलेलं परकं गवत रुजलेलं सापडलंय. म्हणून हे काम घरीच करा, जुना टूथब्रश घ्या, खिशांच्या शिवणी उलट्या करून झाडा, आणि जमलं तर पॅन्ट नवीनच घ्या की.

दुसरी चूक कुंदा, आमची बेळगावची मिठाई. खिशात पुडी ठेवून किनाऱ्यावर जायचा माझा बेत होता, बर्फात कुंदा खातानाचा फोटो काढायचा म्हणून. किनाऱ्यावर खायचं काहीच न्यायचं नाही, बाथरूमलासुद्धा बोटीवरूनच जाऊन यायचं. कुंदा केबिनमध्येच संपला, तो काय राहतोय?

आता पेंग्विन. नियम कमीत कमी ५ मीटर लांब राहायचा, खरं पेंग्विनला तो नियम कुणी सांगितलेला नसतो, ते सरळ तुमच्या बुटापर्यंत येतंय. अशा वेळी हात पुढे करू नका, मोबाईल त्याच्या तोंडापाशी नेऊ नका, जागा असेल तर हळू मागं सरका नाहीतर गप्प उभं राहा, दोन मिनिटांनी त्याचं तेच जातंय. आपल्याला आंबोली घाटातल्या माकडांची सवय, बिस्किट दाखवलं की आलं, ती सवय बोटीवर चढायच्या आधीच सोडा. खाली बसून फोटो काढायचाही मोह होतो, मीपण गुडघा टेकणार होतो तेवढ्यात गाईड ओरडली. बर्ड फ्लूमुळे आता बसायचं, गुडघे टेकायचे, बॅग खाली ठेवायची, सगळं बंद आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात हा विषाणू दक्षिण अटलांटिक समुद्रातल्या साउथ जॉर्जियाजवळच्या बेटावर सापडला आणि २०२४ च्या फेब्रुवारीत अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवर. म्हणून जाताना-येताना बूट जंतुनाशकात बुडवायचे, आणि पेंग्विनच्या विष्ठेचा वास बघता ते करायला कुणी नको म्हणत नाही.

बर्फात पाय गुडघ्यापर्यंत रुतला तर तसाच पुढं जाऊ नका, खड्डा बुजवा, त्यात पेंग्विन पडला तर त्याला बाहेर येता येत नाही. त्यांच्या ये-जा करून पडलेल्या वाटा असतात, ती वाट आडवी आली तर आधी त्यांना जाऊ द्या.

फर सील, म्हणजे अंगावर दाट केस असलेला समुद्रातला प्राणी, वेगळंच प्रकरण. लांबून पोत्यासारखं पडलेलं दिसतंय खरं अंगावर यायला वेळ लागत नाही. १५ मीटर लांब राहा, त्यानं मान वर करून तुमच्याकडं बघितलं म्हणजे तुम्ही जास्तच जवळ गेलाय. अंगावर आलंच तर पाठ फिरवून पळू नका, हात वर करून मोठं दिसा, टाळ्या वाजवा आणि हळूहळू मागं या. डोक्यावर स्कुआ पक्षी झेपा घेत असेल तर जवळ त्याचं घरटं आहे, हात डोक्यावर धरून तिथनं निघा, व्हिडिओ काढत थांबू नका.

झोडियाकमध्ये म्हणजे त्या रबरी बोटीत व्हेल दिसला की सगळे एका बाजूला उठतात. आमच्यात पण उठले, मीपण. बोट कलली आणि गाईडनं असं काय झापलं की व्हेल राहिला बाजूला. बसूनच दिसतंय हो, आणि त्याच्या श्वासाचा कुजलेल्या मासळीसारखा वास तर न बघताही कळतोय.

कॅमेऱ्याचं पण ऐका. थंडीत बॅटरी बघता बघता संपते, जादाची बॅटरी आतल्या खिशात अंगाला लागून ठेवा. आणि बाहेरून येऊन गरम केबिनमध्ये कॅमेरा तसाच उघडला तर लेन्सवर पाणी धरतंय, आत यायच्या आधीच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि तासभर हात लावू नका. ड्रोन घरीच ठेवा, प्रवाशांना उडवू देत नाहीत.

बोट निवडतानाच प्रवासी किती ते विचारा. एका जागी एका वेळी १०० च माणसं उतरतात, आणि ५०० च्या वर प्रवासी असलेली मोठी बोट तर कुणाला उतरवतच नाही, पेंग्विन डेकवरनंच बघा म्हणे.

आणि मित्राला अस्वलच बघायचं असेल तर त्यानं नॉर्वेच्या स्वालबार्डला जावं. तिथं २०२५ पासून अस्वलापासून ३०० मीटर लांब राहायचा कायदा आहे, १ मार्च ते ३० जून तर ५०० मीटर. म्हणजे मोबाईलवर दिसणार तो पिवळट ठिपका. दुर्बीण घे म्हणून सांगितलंय त्याला, तो अजून विचारतोय भाड्यानं कुठं मिळते.